लेचोनच्या रांगेत आधी उभं राहू नका: बोराकायच्या रिसॉर्टवर फिलिपिनो प्रांतोप्रांतीचं जेवण कसं जेवावं

समुद्रकाठच्या रिसॉर्टवर फिलिपिनो खाद्यमहोत्सवाला गेलात की आत शिरताच नजर जाते ती लेचोनवर. बांबूवर फिरवत भाजलेलं अख्खं डुक्कर, पिंगट आणि चकचकीत, आणि त्याच्यापुढे ही मोठी रांग. पहिल्या खेपेला मीही मुकाट्याने तिथेच जाऊन उभा राहिलो. ताटभर लेचोन, त्यावर दोन डाव भात. मग उरलेले दहा-बारा स्टॉल नुसते बघत फिरलो, कारण पोटात जागाच उरली नव्हती. पुढच्या वेळी उलट्या टोकाने सुरुवात केली, तेव्हा कुठे हे जेवण उमगायला लागलं.

आपण मालवणी, कोल्हापुरी, वऱ्हाडी हे मसाल्यावरून ओळखतो. फिलिपिन्सच्या ७,६४१ बेटांवर मसाल्याचा पसारा त्या मानाने थोडा. तिथले प्रांत ओळखायचे ते आंबटावरून आणि नारळावरून. कुठे उसाचा शिरका (व्हिनेगर), कुठे माडीचा, कुठे चिंच, कुठे बिंबलं, तर कुठे चक्क आपल्या कोकमाचा भाऊबंद. आंबटाचा माग धरून ताट भरलंत तर एका संध्याकाळी देशाचं अर्धं दर्शन होतं. ते कसं करायचं, ते क्रमाने सांगतो. उदाहरण बोराकाय बेटाचं घेतलं आहे, कारण मराठी पर्यटकांची पावलं बहुधा तिकडेच वळतात. सेबू किंवा बोहोलच्या किनाऱ्यावरही हाच क्रम उपयोगी पडेल.

कधी जायचं, कसं पोहोचायचं

एप्रिल धरा. २०१८ साली राष्ट्राध्यक्षांच्या ४६९ क्रमांकाच्या घोषणेने एप्रिल हा फिलिपिनो खाद्यमहिना ठरला, आणि तेव्हापासून हॉटेलं, रिसॉर्ट याच महिन्यात प्रांतवार जेवणाचे बेत आखतात. नोव्हेंबर ते मे ‘आमिहान’ म्हणजे ईशान्येचा वारा असतो, त्या काळात बोराकायचा पांढऱ्या वाळूचा पश्चिम किनारा शांत असतो. जूननंतर ‘हाबागात’ म्हणजे नैऋत्येचा वारा सुरू झाला की लाटा आणि पाऊस. एक सावधगिरी बाळगा: ख्रिस्ती लोकांचा पवित्र सप्ताह मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये येतो. त्या दिवसांत अख्खी मनिला किनाऱ्यावर लोटते आणि खोल्यांचे दर आभाळाला भिडतात. तो आठवडा टाळा. जमत नसेल तर निदान गोडाच्या टेबलाकडे लक्ष ठेवा, कारण पुढे सांगतो.

८ जून २०२५ पासून भारतीय पासपोर्टवर १४ दिवसांपर्यंत पर्यटनासाठी व्हिसा लागत नाही. पासपोर्ट सहा महिने तरी वैध हवा, परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि खर्चाची तरतूद दाखवता आली पाहिजे. ही मुदत वाढवून मिळत नाही. निघण्याआधी दूतावासाच्या पानावर एकदा नजर टाका, नियम बदलायला वेळ लागत नाही. पोहोचण्याच्या आधीच्या ७२ तासांत ‘ई-ट्रॅव्हल’ची ऑनलाइन नोंदणी करायची, तिला पैसे पडत नाहीत, पैसे मागणारी साइट दिसली तर ती खोटी समजा. मुंबईहून सिंगापूर, बँकॉक किंवा क्वालालंपूर करत मनिला, तिथून तासाभराच्या विमानाने कातिक्लान, मग धक्क्यावरून दहा-पंधरा मिनिटांची बोट. कालिबोचं तिकीट स्वस्त मिळालं म्हणून घेतलंत तर पुढे दीड-दोन तास गाडीचा प्रवास आहे, तो हिशेबात धरा.

बुकिंगआधी विचारायचे चार प्रश्न

पहिला: रोज एक प्रांत आहे, की एकाच रात्री सगळे? रोज एक असेल तर इलोइलोचा आणि बिकोलचा दिवस पकडा, बाकी सुटले तरी चालतील. दुसरा: दराच्या पुढे दोन अधिकची चिन्हं आहेत का? असतील तर सेवाशुल्क आणि १२ टक्के व्हॅट वर लागणार, म्हणजे पाटीवरचा आकडा खरा नव्हे. तिसरा: मुलांना अर्धा दर कुठल्या वयापर्यंत? काही ठिकाणी तो वयावर नसतो, उंचीवर असतो. चौथा आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा: माशाच्या रसाशिवाय शिजवलेलं काही मिळेल का, आणि किती आधी सांगावं लागेल? हा प्रश्न ई-मेलने विचारा. तिथल्या माणसांना तोंडावर ‘नाही’ म्हणणं जड जातं. फोनवर हसून ‘येस सर’ म्हणतील, आणि प्रत्यक्षात स्वयंपाकघराला पत्ताच नसेल.

जाहिरातीत ‘बीचवर’ लिहिलं असलं तरी टेबलं वाळूत मांडलेली नसतील. २०१८ मध्ये सहा महिने बेट बंद ठेवून त्याची साफसफाई झाली. त्यानंतर किनाऱ्याच्या वाळूवर टेबलं मांडणं, दारू पिणं, धूम्रपान करणं यांवर बंदी आली. मंडप रिसॉर्टच्या बागेत असतो, समुद्र पन्नास पावलांवर. यात खरं तर फायदाच आहे, ताटात वाळू उडत नाही.

पहिली फेरी रिकाम्या हाताने

ताट न घेता एक चक्कर मारा. पाट्या वाचा, काय कशात शिजलंय ते बघा, कुठे ताजं होतंय आणि कुठे दुपारपासून मेणबत्तीवर ठेवलंय ते हेरा. चव बघायची असेल तर ‘पातिकिम पो’ म्हणा, चमचाभर देतील. ‘पो’ हा आदराचा शब्द, आपल्या ‘अहो’सारखा, तो लावलात की समोरचा माणूस खुलतो. थोडंच हवं असेल तर ‘काउन्ती लांग पो’. हे दोन शब्दप्रयोग पाठ असले की संध्याकाळ निभते, बाकी इंग्रजी सगळ्यांना येतं.

लेचोन कापायची वेळ मात्र विचारून ठेवा. त्याची कुरकुरीत कातडी हीच त्याची खरी शान, आणि समुद्राच्या दमट हवेत ती बघता बघता चिवट होते. कापायला सुरुवात झाली की जा, दोन तुकडे घ्या, निघा. तासाभराने रांग नसेल, पण मग खाण्यासारखंही काही उरलेलं नसेल.

आधी वाटी, मग ताट

प्रत्येक टेबलावर किंवा कोपऱ्यात छोट्या वाट्या आणि बाटल्या मांडलेल्या दिसतील. हे ‘सावसावान’, म्हणजे आपलं आपण कालवून घ्यायचं तोंडीलावणं. शिरका, सोया सॉस, कालामान्सी नावाचं चिमुकलं लिंबू, ‘लाबुयो’ ही लवंगीच्या तोडीची मिरची, लसूण. आचारी पदार्थ मुद्दाम थोडा अपुरा ठेवतो, शेवटचा हात खाणाऱ्याने फिरवायचा. आपले लोक हे न घेता जेवतात आणि मग ‘फिक्कं होतं’ म्हणत परततात. चूक जेवणाची नव्हे, वाटी रिकामी ठेवणाऱ्याची.

शिरक्याच्या बाटल्या एकेक थेंब चाखून बघा. गडद तपकिरी असेल तो उत्तरेतल्या इलोकोसचा, उसाचा. मिरच्या, आलं, लसूण घालून मुरवलेला ‘सिनामाक’ इलोइलो-नेग्रोसकडचा. माडीपासून झालेला बिसायांचा, म्हणजे देशाच्या मधल्या बेटांचा. माडावर चढून माडी उतरवणारा तिकडे ‘मानांगिती’, आपल्या गोव्यातला रेंदेर. धंदा तोच, उंचीही तीच.

उत्तरेकडून सुरुवात, हलक्या हाताने

इलोकोसच्या स्टॉलवर नारिंगी रंगाची तळलेली एम्पानादा दिसेल. तांदळाच्या पिठाची पारी, आत किसलेली कच्ची पपई, अंडं आणि लसणीचं सॉसेज. अर्धीच घ्या, उसाच्या शिरक्यात बुडवा. तिथेच ‘पिनाकबेत’ असतं: कारलं, वांगं, भेंडी, टोमॅटो, आणि या सगळ्यांना बांधून ठेवणारं आंबवलेल्या माशाचं ‘बागोओंग’. वास उग्र. जवळा खाणाऱ्या घरातला माणूस दुसऱ्या घासाला रुळतो. पण या स्टॉलवर मी आधी शोधतो ते ‘पोकी-पोकी’: वांगं निखाऱ्यावर भाजायचं, सोलायचं, कांदा-टोमॅटोवर परतायचं आणि वर अंडं फोडून हलवायचं. भरितात अंडं, बस. नाव काय असेल ते असो.

पांपांगाची सिसिग गरम तव्यावर चुरचुरत येते. डुकराचं डोकं नि कान बारीक चिरून, कालामान्सी पिळून. दोन घास पुरेत. गंमत अशी की १७३२ च्या एका कापांपांगान, म्हणजे तिथल्या भाषेच्या शब्दकोशात सिसिगचा अर्थ दिलाय तो कच्च्या फळाची आंबट कोशिंबीर असा. मांस त्यात पुढे आलं, आंबट मुळापासूनचं.

बिकोल: इथे थांबा

आंबटाची वाट इथे जरा वळते, कारण बिकोल हा नारळ-मिरचीचा मुलूख. ‘लाइंग’ म्हणजे अळूची सुकवलेली पानं नारळाच्या दुधात, आलं-मिरची घालून मंद आचेवर आटवलेली. पहिला घास घेतलात की कोकणातल्या कुठल्याही लग्नाच्या पंगतीतलं फदफदं आठवेल, फक्त यात गूळ-चिंच नाही आणि शेंगदाणेही नाहीत. घशाला खाज येऊ नये म्हणून आपण चिंच किंवा आमसूल घालतो; ते पानं सुकवून घेतात, आणि शिजताना ढवळू नये असं त्यांच्या घराघरांत सांगतात. कामालिग गावचं ‘पिनांगात’ मिळालं तर सोडू नका: सारण भरून, अळूच्याच पानांत पुडी बांधून नारळाच्या दुधात शिजवलेलं. अळूवडीची ही रसातली थोरली बहीण.

या दोन्हींत बहुतेक वेळा सुकी मासळी, कोळंबीचं बागोओंग किंवा डुकराचं मांस असतं. हिरवं दिसतं म्हणून शाकाहारी समजू नका. आमच्या गटातल्या एका काकूंनी तीन डाव लाइंग मिटक्या मारत खाल्लं आणि चौथ्या वेळी त्यांना आत सुकटीचा डोळा दिसला. त्यानंतर त्या रात्री त्यांनी फक्त आंबे खाल्ले.

‘बिकोल एक्स्प्रेस’ नावाचं मिरच्यांचं, नारळाच्या दुधातलं डुकराचं मांसही इथेच असेल. नाव मनिलाहून बिकोलला जाणाऱ्या रेल्वेगाडीचं. तिखट आहे, पण आपल्याला घाम फुटेल इतकं नाही.

यजमान प्रांताचा कोपरा

बोराकाय आक्लान प्रांतात येतं, आणि महोत्सवात सर्वांत कमी गर्दी आक्लानच्याच टेबलावर असते. तिथे ‘इनुबारान’ मागा: गावठी कोंबडी आणि केळीच्या खोडाचा गाभा, गवती चहा घालून. केळीच्या गाभ्याची भाजी आपल्याकडे अजून करतात त्यांना चिरतानाचे ते धागे बोटाला गुंडाळून काढणं ठाऊक असेल; इथेही तेच सोपस्कार. शेजारी ‘बिनाकोल’ असेल, शहाळ्याच्या पाण्यात शिजवलेली कोंबडी, वर शहाळ्याची मलई. उन्हात दिवस घालवून आलेल्या माणसाला यासारखं दुसरं काही नाही. वाटीभर प्या आणि पुढे सरका.

आता इलोइलो. २०२३ मध्ये युनेस्कोने या शहराला पाककलेचं सर्जनशील शहर म्हणून मान दिला, आणि त्यांचा ताठा रास्त आहे. गर्दी ला पास बाचोयकडे असते. नूडल, डुकराची काळीज-आतडी, चिचारोन म्हणजे डुकराची कुरकुरीत तळलेली कातडी, मज्जेचा रस. चांगलं आहेच. पण तुम्ही ‘के-बी-एल’ विचारा: कादिओस, बाबोय, लांका. कादिओस म्हणजे तूर, आपलीच तूर, फक्त काळपट-जांभळ्या दाण्याची, त्यामुळे रस्साही जांभळट होतो. लांका म्हणजे कोवळा फणस. आणि आंबटासाठी ‘बातुआन’. हे फळ गार्सिनिया बिनुकाओ, आपलं कोकम गार्सिनिया इंडिका. एकाच वंशातली झाडं, मध्ये दोन समुद्र. तूर, फणस आणि कोकमाचा भाऊ एकाच भांड्यात! रत्नागिरीच्या माणसाला यात नवखं वाटेल ते एक ‘बाबोय’, म्हणजे डुकराचं मांस. खात नसाल तर नुसता रस्सा चाखण्याचाही मोह आवरा, पण बातुआनचं फळ वेगळं दाखवायला सांगा. हातात घेऊन वास घ्या.

बाकोलोदची ‘इनासाल’ कोंबडी हा घरातल्या सगळ्यांना चालणारा पदार्थ: कालामान्सी, शिरका, गवती चहा यांत मुरवलेली, शेंदरीच्या बियांचं लाल तेल लावत निखाऱ्यावर भाजलेली. छाती मागायची तर ‘पेचो’, तंगडी हवी तर ‘पाआ’. पाआ मागा, छाती कोरडी होते.

सेबू, आणि कच्च्या माशाचं काय करायचं

एव्हाना लेचोनची वेळ झाली असेल. सेबूच्या लेचोनच्या पोटात गवती चहा, लसूण, पातीचा कांदा भरून शिवतात, त्यामुळे त्याला सॉस लागत नाही. भात घेताना ‘पुसो’ घ्या, माडाच्या झावळीच्या विणलेल्या पुडीत शिजवलेला. पुडी सुरीने अर्धी कापतात आणि तसाच हातात धरून खातात.

‘किनिलाव’ म्हणजे कच्चा मासा शिरक्यात, आलं-कांदा-मिरची घालून. बहुधा सुरमई असते, तिकडे तिला ‘तानिगे’ म्हणतात. शिरक्याने मासा पांढरा पडतो, पण शिजत नाही, हे लक्षात असू द्या. तुमच्यासमोर कालवून देत असतील आणि मासा बर्फावर असेल तरच घ्या. परातीत तासभर पडलेलं असेल तर कितीही देखणं दिसो, हात लावू नका. लहान मुलं आणि गरोदर बायका यांनी नकोच.

मिंदानाओ: डुक्कर नाही, पण…

दक्षिणेच्या मुस्लिम समाजांचं टेबल हलाल असतं, म्हणून डुकराचं मांस न खाणारे निर्धास्त तिकडे वळतात. गोमांस न खाणाऱ्यांनी मात्र नेमकं इथेच विचारायचं: ‘माय बाका पो बा इतो?’ म्हणजे, यात गोमांस आहे का? रेंदांग हे नारळाच्या दुधात आटवलेलं मांस, बहुधा गाईचं. ताउसुग लोकांचा ‘तियुला इतुम’ कधी गाईचा, कधी बोकडाचा. बोकडाचा असेल तर नशीब उघडलं: खोबरं पार काळं होईपर्यंत भाजून, वाटून त्याचा काळा रस्सा. खोबरं भाजून वाटण काढणाऱ्या घरातल्या माणसाला हा वास डोळे मिटूनही ओळखू येईल. मारानाओंची ‘पियापारान’ कोंबडी हळद, खवलेला नारळ आणि ‘पालापा’ घालून होते. पालापा ही पांढऱ्या पातीच्या कांद्याची, आलं-मिरचीची चटणी. ती वेगळी मागून घ्या, बाकी सगळ्या संध्याकाळी पुरते.

शाकाहारी असाल तर

खरं सांगायचं तर सोपं नाही. ‘व्हेजिटेबल’ लिहिलेल्या पदार्थातही ‘पातिस’ म्हणजे माशाचा रस असतोच, आणि शिजवणाऱ्याला तो मांसाहार वाटत नाही, मीठ वाटतं. म्हणून ‘मी शाकाहारी आहे’ एवढ्यावर थांबू नका. नावं घेऊन सांगा: वालांग कार्ने, वालांग इस्दा, वालांग पातिस, वालांग बागोओंग. मांस नको, मासा नको, ते दोन्ही रसही नकोत. त्यातल्या त्यात भरवशाचं: भाजलेल्या वांग्याची कोशिंबीर (बागोओंग बाजूला ठेवून), माडाच्या कोंबाची ताजी ‘लुंपिया’ (आत कोळंबी नाही ना, विचारून), कच्च्या पपईचं ‘आत्सारा’. हा शब्द आपल्या ‘आचार’चाच नातलग आहे. मुगाची ‘मुंगो’ असेल तर ती जवळपास नेहमी मासा किंवा चिचारोन घालून होते. दोन दिवस आधी सांगितलं तर साधी करून देतात. पुसो, केळी, आंबे आहेतच. शाकाहाऱ्यांची खरी मेजवानी पुढच्या टेबलावर असते.

गोडासाठी कोपरा राखून ठेवा

तांदूळ, नारळ, काकवीच्या चवीची ‘मुस्कोवादो’ साखर. आपल्याला परकं असं काहीच नाही. ‘बिको’ चिकट तांदळाचा, ‘सुमान’ पानात गुंडाळलेला, ‘पालिताव’ उकडून नारळात घोळलेला. ‘बिबिंका’ ऐकून गोव्याची बेबिंका डोळ्यांपुढे येईल, पण थर शोधू नका. ही तांदळाच्या पिठाची, केळीच्या पानावर, वर-खाली निखारे ठेवून भाजलेली जाडसर पोळी. मांदावेच्या बिबिंकेचं पीठ माडीने फुगवतात. म्हणजे नाव बेबिंकेसारखं आणि करामत सान्नांची. जेलीचे तुकडे दिसले तर घाबरू नका, ‘गुलामान’ समुद्रशेवाळाचं असतं.

पवित्र सप्ताहात गेला असाल तर ‘बिनिग्नित’ शोधा. बिसायांत गुड फ्रायडेच्या सुमाराला घरोघर करतात: रताळं, अळकुडी, केळं, फणस आणि साबुदाणा, नारळाच्या दुधात. मांस वर्ज्य असलेल्या दिवशीचं रताळं-साबुदाणा! हे खाताना आमच्या टेबलावर पाच मिनिटं फक्त एकादशीवर चर्चा झाली.

हाताने जेवायची रात्र

महोत्सवात एक रात्र ‘कामायान’ची असते: लांब टेबलावर केळीची पानं, मधोमध भाताचा बांध, दोन्ही बाजूंना मासे, कोळंबी, भाज्या, आणि सगळे हाताने. आपल्याला शिकवायला नको. फक्त पंगतीची सवय विसरा, इथे पान वेगळं नसतं; समोर आहे तेवढं आपलं, पलीकडचं मागून घ्यायचं. काही खात नसाल तर टेबलाच्या टोकाला बसा आणि तेवढा भाग वेगळा मांडायला आधीच सांगा. एकदा सगळं मांडल्यावर रस एकमेकांत मिसळतात, मग काही करता येत नाही. इतर दिवशी उजव्या हातात चमचा, डाव्यात काटा, सुरी नाही.

दुसऱ्या दिवशी

रिसॉर्टवर जे चाखलं त्यातला कच्चा माल बघायचा असेल तर सकाळी दि-तालिपापा बाजारात जा. मासे वजनावर घ्यायचे आणि बाजूच्या खाणावळीत ‘पालुतो’, म्हणजे शिजवणावळ देऊन करून घ्यायचे. भाव करा, आणि शिजवणावळीचा दर मासे घेण्याआधी विचारा. घरी न्यायला सुका आंबा आणि बिकोलचे पिली नट. ‘दांगित’ ही सुकी मासळी न्यायची तर दोन पिशव्यांत हवाबंद करून घ्या, नाहीतर कपड्यांची बॅग मुंबईपर्यंत वास सांगत येईल.

बाजारात जायच्या आधी न्याहारीला मात्र जरूर जा. रात्री उरलेलं लेचोन सकाळी शिरक्यात शिजून ‘पाक्सिव’ होऊन येतं, आणि शिळा भात लसणीवर परतून ‘सिनांगाग’. पाक्सिव बहुधा बुफेवर मांडत नाहीत, कामगारांच्या जेवणात असतं. विचारलंत तर आतून वाटीभर आणून देतात.